ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं की नाही? माझं मत: बदलायचंच

घाटमाथा:
मागच्या आठवड्यात इथे एकाने विचारलं होतं, ऑटोमॅटिक गाडी ९० हजार किमी झाली, गिअरबॉक्सचं ऑइल बदलू का? बहुतेकांचं उत्तर एकच होतं: कंपनी 'लाइफटाइम' म्हणते, हात लावू नका. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

गिअरबॉक्स बनवणारेच काय सांगतात ते बघा. जर्मनीची झेडएफ बीएमडब्ल्यूला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. बीएमडब्ल्यूने त्यातलं ऑइल वर्षानुवर्षं लाइफटाइम म्हणून सांगितलं. पण झेडएफ स्वतः म्हणते, ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा बदला. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या, ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचच्या डीएसजीला, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकला, तर कंपनीनेच ६० हजार किमीला ऑइल आणि फिल्टर ठरवून दिलाय.

ऑटोमॅटिकमध्ये ते ऑइल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर क्लच पकडतात आणि सुटतात, इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर त्याच्यावरच फिरतो, उष्णताही तेच वाहून नेतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ऑइलच्या ऑक्सिडेशनचा, म्हणजे ते खराब होण्याचा, वेग साधारण दुप्पट होतो. आता मे महिन्यात बोरघाटात ट्रकमागे रांगत चढणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. रोज चांदणी चौक ते हिंजवडी करणाऱ्याचं ऑइलही काही थंड राहत नाही.

गॅरेज_कोल्हापूर:
माझं मत उलटं आहे, आणि ते रोज हात काळे करून झालेलं आहे. ऑइल म्हातारं होतं, मान्य. पण आमच्याकडे जुन्या ऑइलने मेलेल्या गिअरबॉक्सपेक्षा चुकीच्या ऑइलने आणि चुकीच्या लेव्हलने मेलेले जास्त येतात.

बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिकच (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) नसते. गाडी रॅम्पवर एकदम सपाट हवी, इंजिन चालू हवं, सगळे गिअर एकदा फिरवून लिव्हर 'पी'मध्ये (पार्क) हवा. स्कॅनर लावून ऑइलचं तापमान बघायचं. झेडएफला ते ३० ते ५० अंशांत असताना प्लग उघडायचा आणि बारीक धार लागेपर्यंत भरायचं. धार तुटत आली की प्लग बंद. प्रत्यक्षात काय होतं? इंजिन बंद, ऑइल गार, जेवढं निघालं तेवढं मापून ओतलं आणि गाडी दिली. त्यात ऑइल कुठलं, तर ड्रममधलं 'सगळ्याला चालतं' ते. सीव्हीटीत, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, असलं ऑइल गेलं की पट्टा घसरतो आणि पुलीवर चरे पडतात. मग दुरुस्ती नाही, सरळ अख्खा गिअरबॉक्स.

म्हणून गिऱ्हाइकाला मी सांगतो, गाडी नीट चालतेय ना, मग नीट माणूस सापडेपर्यंत उघडू नका.

घाटमाथा:
दादा, तुमचा मुद्दा वाईट कामाच्या विरोधात आहे, ऑइल बदलण्याच्या विरोधात नाही. कुणी ब्रेक चुकीचे बसवतो म्हणून आपण ब्रेक पॅड बदलायचं थांबवत नाही.

गॅरेज_कोल्हापूर:
पॅड चुकीचे बसले तर पहिल्या चौकात कळतं. गिअरबॉक्सचं सहा महिन्यांनी कळतं, आणि तोवर बिल कुणाचं यावर भांडण. हा फरक छोटा नाही.

शीतल_नाशिक:
माझा प्रश्न याच्यातलाच आहे. सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली, १ लाख ४० हजार किमी. ऑइल कधी बदललं, काहीच नोंद नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना आरपीएम जरा वर जातो आणि मग गिअर पडतो. एका ठिकाणी म्हणाले, मशीन लावून फ्लश करू, म्हणजे जोराने सगळं जुनं ऑइल बाहेर ढकलू. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, नवीन ऑइल टाकलं की गिअरबॉक्स बसेल, म्हणजे बंदच पडेल. दोघंही तितक्याच खात्रीने बोलतात, मी कुणाचं ऐकू?

घाटमाथा:
ताई, 'नवीन ऑइलने गिअरबॉक्स बसतो' यामागचं कारण नीट समजून घ्या. क्लच प्लेटचं झिजलेलं अस्तर जुन्या ऑइलमध्ये तरंगत असतं, त्याने थोडी पकड मिळते, असं सांगतात. तसं असेल तर प्लेट आधीच संपलेली आहे. नवं ऑइल ते फक्त उघडं पाडतं.

गॅरेज_कोल्हापूर:
हे मात्र बरोबर बोललात. पण ताई, तुमची गाडी आधीच घसरतेय, म्हणजे तुमचं प्रकरण देखभालीचं राहिलेलं नाही, तपासणीचं आहे. फ्लश तर मुळीच नको. मशीनच्या जोराने तळाचा गाळ उठला आणि क्लचकडे ऑइल वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकला, तर आज एक गिअर उशिरा पडतोय, उद्या दोन पडणार नाहीत.

मॅन्युअलवाला:
मॅन्युअलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. पुस्तकात जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय आणि दुकानदार 'हे त्याच्या वरचं' म्हणून जीएल-५ देतो. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना बाधू शकतात. रिंगची पकडही कमी होते आणि गिअर टाकताना खरखर सुरू होते. मग लोक क्लचप्लेट बदलत बसतात.

वॉरंटी_आधी:
इतकं सगळं वाचूनही मी कंपनीच्याच बाजूने. वॉरंटीत असताना पुस्तकाबाहेरचं काम केलं आणि पुढे काही बिघडलं, तर पहिलं बोट त्याच कामाकडे जातं.

घाटमाथा:
मग पुस्तक पूर्ण वाचा. बऱ्याच पुस्तकांत 'कठीण वापर' म्हणून वेगळा तक्ता असतो: धूळ, डोंगर, सतत थांबत-सुटत चालणं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या त्याच तक्त्यात बसतात. सर्व्हिसला गाडी देताना त्या पानावर बोट ठेवा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या.

शीतल_नाशिक:
ठरवलं. फ्लश नाही. पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं ताट) उघडून बघायला सांगते. काय बघायचं तेवढं सांगा.

गॅरेज_कोल्हापूर:
आधी स्कॅनर लावून बिघाडाचे कोड बघायला सांगा, मग पॅन. निघालेल्या ऑइलचा वास घ्या, करपट आहे का. पॅनच्या तळाला चुंबक असतात, समोर उभं राहून ते पुसायला सांगा. राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ निघाला तर ती नेहमीची झीज. फिल्टर आणि गॅस्केट नवं, तुमच्या गिअरबॉक्सला नेमून दिलेलंच ऑइल, लेव्हल वर सांगितलं तशी. एका वेळेस सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून हजारेक किमी चालवून पुन्हा एकदा काढून भरा. आणि बोटाला टोचणारे चकचकीत कण लागले, तर नव्या ऑइलवर पैसे घालू नका. गाडी चालवत न्यायची नाही, ओढतही नाही. इंजिनाने फिरणारं चाक जमिनीवर आणि इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आतलं सगळं कोरडं घासतं. फ्लॅटबेडवर चढवा आणि ऑटोमॅटिक उघडणाऱ्याकडेच न्या.