मेथीची जुडी, दिघा गाव आणि फोन: तुमचेही अनुभव येऊ द्या

खाडीपलीकडची:
काल संध्याकाळी वाशीहून चढले. लेडीज डब्यात समोरच्या काकूंनी मांडीवर पेपर पसरला, पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या काढल्या आणि निवडायला सुरुवात. शेजारची कॉलेजची पोरगी म्हणाली, "काकू, एक द्या इकडे." तुर्भे गेलं तोवर आम्ही चौघी निवडत होतो. पानं पिशवीत, देठं पेपरावर. घणसोलीच्या आसपास लक्षात आलं की कोणाच्याच हातात फोन नाही. हात मातीचे, धरणार कशाने?

आणि मला माझं जुनं आठवलं. याच गाडीत रील बघता बघता एका महिन्यात तीनदा ऐरोली चुकवलं होतं. तिसऱ्यांदा मान वर केली तर बाहेर दिघा गाव. ते स्टेशन तेव्हा नुकतंच, २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेलं, नाहीतर थेट ठाणे. उलट्या गाडीची वाट बघत असताना बाळाला सांभाळणाऱ्या मावशींचा फोन. "ताई, आज पण?"

ते "आज पण" फार लागलं. त्याच प्लॅटफॉर्मवर ॲप काढून टाकलं. त्या जागी कॅलक्युलेटर आणून ठेवला, तर पुढचे आठ दिवस अंगठा सवयीने तिथंच. लिफ्टमध्ये, दूध तापताना, कुठंही कॅलक्युलेटर उघडून उभी. मोजायचं काय ते माहीत नाही.

आता बरं आहे. रविवारी घसरते. तुम्ही कोणी फोन कमी केलाय का? कसा?

तिखटमीठ:
कॅलक्युलेटर! हसून हसून पुरेवाट. मी ॲप काढलं आणि दुसऱ्या दिवशीपासून ब्राउझरमधून तेच बघायला लागले. चोरवाटा बऱ्या सापडतात.

कोपरखैरणेकर:
अवांतर: मेथी कितीला जुडी? आमच्याकडे भाजीवाला काहीही सांगतो.

खाडीपलीकडची:
काकूंना विचारलं नाही हो, फुकटात निवडली :-)

साधा_माणूस:
मी कीपॅडवाला फोन घेतला होता. पाच आठवडे टिकलो. पैशांचं जमतं. यूपीआय १२३पे २०२२ पासून आहे, साध्या फोनवरून चालतं. पण शेअर रिक्षात मागचे तिघे खोळंबलेत आणि मी आकडे दाबतोय, म्हणजे शिव्याच. मग सुट्टे ठेवायला लागलो.

घात केला सोसायटीच्या गेटने. कोणी आलं की फोनवरच्या ॲपवर हो म्हणायचं, तेव्हाच वॉचमन वर सोडणार. माझे सासरे कोल्हापूरहून आले, हातात दोन पिशव्या, भर दुपारी पंचवीस मिनिटं खाली. वॉचमन म्हणे, साहेब ॲक्सेप्ट करत नाहीत. सासरे अजून जेवताना विचारतात, "काय जावईबापू, आज ॲक्सेप्ट आहे ना?" स्मार्टफोन परत आला.

शेजारची_काकू:
सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवतं का? २०२२ मध्ये बातमी होती. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही, मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी गप्पा.

आम्ही वाचून घरी सुरू केलं. भोंगा कुठला आणायचा? कुकर! तिसरी शिट्टी झाली की सगळ्यांचे फोन कांद्याच्या टोपलीत. मुलगा वैतागला पण ठेवायचा. सासूबाई नियमाच्या सगळ्यात कडक. एके दिवशी देवघर पुसायला घेतलं तर पोथीच्या बासनात त्यांचा फोन, मालिकेचा भाग थांबवून ठेवलेला. टोपलीत जायचा तो जुना बंद पडलेला.

तिखटमीठ:
सासूबाईंना साष्टांग!!

दुपारची_झोप:
+१. कुकर उशिरा लावला की अर्धा तास जास्त मिळत असेल ना :-)

शेजारची_काकू:
लेकाने तेच केलं. डाळ "अजून भिजायचीय" म्हणून सांगायचा.

नेरूळवासी:
माझं जरा वेगळं. फ्लेमिंगो आले की दर वर्षी तलावावर जातो, घरापासून चालत. दर वर्षी फोटो काढतो. मागच्या सीझनला पोचलो आणि बॅटरी संपली. चिडून परत निघणार होतो, मग बसलो कठड्यावर.

तर ते मान खाली घालून चोच चक्क उलटी धरतात पाण्यात! वरची बाजू खाली. आणि तशीच डोलवत पुढे जातात, चिखलपाणी आत घेऊन गाळून बाहेर. पाय एका जागी थयथय, तळ ढवळायला. दहा वर्षं इथं राहतो, फोनमध्ये शेकडो फोटो आहेत, हे एकदाही बघितलं नव्हतं. फोटोत सगळे नुसते गुलाबी ठिपके.

कोपरखैरणेकर:
ऐरोलीहून बोटीने पण नेतात ना बघायला? कोणी गेलंय का? लहान मूल चालतं का बोटीत?

नेरूळवासी:
हो, पण भरती बघून वेळ ठरते. आधी चौकशी करून जा.

घंटाळीकर:
मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी पुन्हा भरली. १८९३ पासूनची संस्था, घरापासून चालत सात मिनिटं, आणि मी बारा वर्षांनी पायरी चढलो. पहिल्या दिवशी अकरा पानं वाचून झाली. अकरा! कॉलेजात एका रात्रीत कादंबरी संपवायचो. आता रोज पंचवीसपर्यंत आलोय, फोन मुद्दाम घरी ठेवून. बायको म्हणते म्हणूनच तुला वाचनाची आवड, फोन लागत नाही.

निनावी_नको:
सगळे म्हणतात रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बाबा आजारी असताना उशाशी असायचा, कधीही कॉल यायचा. बाबांना जाऊन चौदा महिने झाले. अजून सायलेंट करायला हात होत नाही. आणि उशाशी असला की दोन वाजता जाग आली की बघत बसते.

शेजारची_काकू:
अगं… काय बोलू. माझ्या आईच्या वेळी मीही अशीच.

साधा_माणूस:
ताई, अँड्रॉइड असेल तर "डू नॉट डिस्टर्ब"मध्ये बघा. निवडक माणसांचा कॉल वाजू द्यायची सोय आहे. पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा आला तर तोही वाजतो. बाकी सगळं गप्प. आईचा नंबर तेवढा चालू ठेवा.

निनावी_नको:
हे माहीत नव्हतं. आज करून बघते. थँक्यू दादा.

दुपारची_झोप:
मी स्क्रीन काळीपांढरी केली होती. रील खरंच बेचव लागतात. पण त्याच भरात भाचीच्या बारशाला ऑनलाइन साडी मागवली. राखाडी दिसत होती, छान वाटली. आली ती पोपटी.

तिखटमीठ:
नेसलीस?

दुपारची_झोप:
नेसले. सगळे म्हणाले खुलते तुला.

कोपरखैरणेकर:
मेथीचं कोणी सांगितलंच नाही.

खाडीपलीकडची:
आज काकू पुन्हा भेटल्या, तुमच्यासाठी विचारलं. तीसला दोन. उद्या मटार आणणार आहेत, तीन किलो. सहाच्या सुमाराची वाशीहून, मधला लेडीज. कोणी असाल तर या, रिकामी पिशवी घेऊन.