भारताची ग्रीन हायड्रोजनची मागणी किती धरायची?

सोलापुरी:
नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टसाठी २०४० साली भारताला किती ग्रीन हायड्रोजन (सौर-पवन विजेवर पाण्यातून काढलेला हायड्रोजन) लागेल त्याचा अंदाज काढायचाय. सरकारच्या नॅशनल ग्रीन हायड्रोजन मिशनचं २०३० चं ५० लाख टनांचं टार्गेट धरून पुढे दरवर्षी ठराविक टक्के वाढवत नेलं तर चालेल का? मला स्वतःला ते पटत नाहीये.

खतवाला:
नाही चालणार. ते उत्पादनाचं टार्गेट आहे, त्यात एक्स्पोर्टपण आलं, देशातली मागणी वेगळी. कुठला माल किती टन बनतो आणि टनामागे हायड्रोजन किती लागतो तिथून सुरू कर. युरिया घे, वर्षाला साधारण ३ कोटी टन, टनाला ०.५८ टन अमोनिया, टनभर अमोनियाला १७७ किलो हायड्रोजन, म्हणजे ३१ लाख टनांच्या आसपास झाले. पण हे सगळं ग्रीनच्या खात्यात टाकू नकोस!! युरियाच्या टनामागे ७३० किलो कार्बन डायऑक्साइडपण लागतो आणि तो आज नॅचरल गॅसमधूनच मिळतो, आपल्या अलिबागजवळच्या थळच्या खताच्या प्लांटमध्येपण हेच. गॅस बंद केला तर तो आणायचा कुठून? त्यापेक्षा डीएपी खताचा अमोनिया आधी धर, त्याला कार्बन लागत नाही.

भट्टी_७२:
खतवाला बरोबर बोलतायत. स्टील कोळशाऐवजी हायड्रोजनवर बनवायचं तर टनामागे ५०-६० किलो धर, पण सगळ्या स्टीलला गुणू नको. ब्लास्ट फर्नेस (कोळशावर चालणारी लोखंडाची भट्टी) एकदा उभी राहिली की कित्येक दशकं चालते, त्यामुळे कुठली भट्टी कधी बदलायला येते ते प्लांटनुसार बघावं लागेल, वेळखाऊ आहे पण खरा अंदाज तिथेच आहे. रिफायनरीत डिझेलमधलं सल्फर काढायला हायड्रोजन लागतो, डिझेलचा खप घटला की तोही घटणार. कार, स्कूटर शून्य धर, तिथे बॅटरीच परवडते.

सोलापुरी:
खूप आभार! आणि किमतीचं काय करू?

खतवाला:
एका किलोला ५०-५५ युनिट वीज जाते, ४ रुपये दर धरला तरी नुसत्या विजेचेच २०० रुपये. म्हणून एकच आकडा देऊ नको, किलोला १५०, २५०, ३५० रुपये भाव असेल तर कोण किती घेईल असा तक्ता कर. आणि शेवटी वीज तपास, ५० लाख टनांना साधारण २६,००० कोटी युनिट लागतात, आज देशात वर्षाला बनणाऱ्या विजेचा जवळपास सातवा हिस्सा. तुझा आकडा याच्या तिप्पट-चौपट आला तर एवढी वीज येणार कुठून तेपण रिपोर्टमध्ये लिहावं लागेल.