लाइट गेली की सर्व्हर गप्प, नि आम्हाला कळतं सकाळी. हार्टबीट (मशीन जिवंत असल्याची नियमित हजेरी) कसं लावायचं?

फोंडेकर_आयटी
मंडळी, फोंड्याला हेड ऑफिसात छोटा लिनक्स सर्व्हर आहे, बिलिंगचा डेटाबेस त्यावरच, डिचोली नि काणकोणची दुकानं टेलस्केलने (खाजगी नेटवर्क, व्हीपीएन) जोडलीत. पावसात रात्री लाइट जाते, यूपीएस थोडा वेळ तग धरतो, मग सगळं बंद, नि सकाळी दुकानातून फोन, "बिल निघत नाही". सर्व्हरवर लक्ष ठेवायला अपटाइम कुमा लावलंय पण त्याच मशीनवर, म्हणजे तेही सोबत झोपतं. बाहेरून पिंग करावं तर आमचं कनेक्शन सीजीएनॅटच्या मागे, म्हणजे स्वतःचा पब्लिक आयपी नाही, बाहेरून आत पोचता येत नाही. काय करू?

तिस्कावयलो
उलटं कर रे बाबा. बाहेरच्याने तुझं दार वाजवायचं नाही, तुझ्या मशीनने दर ५ मिनिटांनी बाहेर हजेरी द्यायची, हजेरी चुकली की बाहेरचा बोंब मारणार. आउटगोइंग रिक्वेस्ट आहे त्यामुळे सीजीएनॅट आड येत नाही. अशी हजेरी घेणारी हेल्थचेक्स नावाची वेबसेवा आहे, तिच्या फुकट प्लॅनमध्ये २० चेक मिळतात, तुला पुरून उरतील. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) कर्ल (वेब रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) टाक, टाइमआउट नि रीट्राय लावून. ग्रेस, म्हणजे बोंब मारण्याआधीची सवलत, १० मिनिटं ठेव, नाहीतर राउटर जरा रीस्टार्ट झाला तरी टेलिग्रामवर अलर्ट वाजत बसेल नि मग तू तो म्यूट करशील, सगळे तेच करतात.

केपें_रूट
वरचं बरोबर पण नुसतं क्रॉनमधून "जिवंत आहे" पाठवण्यात अर्थ नाही मरे, डेटाबेस लटकला तरी क्रॉन मजेत चालू असतो. आधी डेटाबेसवर एक साधी क्वेरी मार, उत्तर आलं तरच कर्ल. बॅकअपला वेगळा चेक, कर्ल अगदी शेवटी, मधे अँड-अँड (&&, आधीची कमांड जमली तरच पुढची), म्हणजे बॅकअप फसला तर हजेरी जाणारच नाही. आणि कुमा सोडवत नसेल तर बाहेर स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) टाक, कुमात पुश टाइप मॉनिटर आहे, म्हणजे हजेरीची वाट बघणारा. पण मग त्या व्हीपीएसवर लक्ष कोण ठेवणार? त्याचीही हजेरी हेल्थचेक्सला दे.

फोंडेकर_आयटी
बरं झालं विचारलं! पण हजेरी चुकली म्हणजे लाइट गेली की नेट गेलं ते कसं ओळखायचं? उगाच रात्री पावसात गाडी काढायची नाही.

केपें_रूट
एका हार्टबीटने नाही कळणार. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) बसव, बॅटरीवर गेल्या गेल्या मेसेज येतो, नेट तेवढं शाबूत असेल तर. त्यासाठी राउटर नि फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर हवेत, हे लोक विसरतात. मेसेज येऊन मग शांतता झाली तर लाइट, मेसेजच नाही आला तर बहुधा नेट.

तिस्कावयलो
आणि लावून झालं की दुकानं बंद झाल्यावर सर्व्हरची लॅन केबल काढून बघ. १५ मिनिटांत फोन वाजला पाहिजे. टेलिग्राम झोपेत ऐकू येत नसेल तर त्या चॅटला वेगळी, मोठी रिंगटोन दे.