मक्तेदारी की एकाधिकार?

घोडबंदरकर: आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एक जण उठून म्हणाले, "पाण्यात पालिकेची मक्तेदारी आहे. मोबाइलसारख्या चार कंपन्या येऊ द्या, मग बघा!" एका निवृत्त मास्तरांनी लगेच दुरुस्त केलं, "मक्तेदारी नव्हे, एकाधिकार." पाणी राहिलं बाजूला. दोन शब्दांत खरंच फरक आहे का?

वऱ्हाडी, सध्या ऐरोली: आहे तर. आमच्याकडे शेत मक्त्यानं देतात. वर्षाची रक्कम आधीच ठरते, मग पिको न पिको. मक्ता कुणीतरी देतो, कुणीतरी घेतो, तोही मुदतीपुरता. "शहाणपणाचा मक्ता तुम्हीच घेतलाय का?" यात एकाधिकार घालून बघा, जमतंय का! एकाधिकाराला सरकारी वास आहे. 1972 ची कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवा. मास्तर बरोबर.

तलावपाळी: कोशापुरते बरोबर. पण अर्थशास्त्रात 'नैसर्गिक मक्तेदारी' रुळलाय. एका गल्लीत दोघांच्या जलवाहिन्या परवडत नाहीत, म्हणून नैसर्गिक. लंडनमध्ये हा खटाटोप करून झालाय. एकेका रस्त्यात दोन-दोन कंपन्यांचे नळ, आणि 1817 च्या सुमारास त्यांनीच भाग वाटून घेतले. आता 2017 पासून इंग्लंडातली दुकानं-कचेऱ्या पाण्याचा विक्रेता बदलू शकतात, घरं नाहीत. बदलतं ते बिल पाठवणारं नाव, पाइप तोच.

मला मक्ता शब्द आवडतो तो वेगळ्याच कारणानं. एडविन चॅडविक या इंग्रज समाजसुधारकानं 1859 मध्ये बाजारातली स्पर्धा आणि बाजार मिळवण्यासाठीची स्पर्धा वेगळी केली. मक्त्याच्या लिलावात दुसरीच असते. बोली लागेपर्यंत चढाओढ, हातोडा पडला की एकटा राजा. एकाधिकारात ही चढाओढ कुठे दिसते?

घोडबंदरकर: मग ठाण्याचं काय? पालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, मुंबई महापालिका, एमआयडीसी, इतक्या ठिकाणचं पाणी येतं.

वऱ्हाडी, सध्या ऐरोली: पुरवठादार चार, नळ एक. तुमच्यापुरती मक्तेदारीच. आमच्या नवी मुंबईत तर मोरबे धरणच पालिकेचं.

घोडबंदरकर: खरी स्पर्धा टँकरची म्हणावी, तर मे महिन्यात तिघांना फोन केला. तिघांनी एकच भाव सांगितला, पाचशे रुपयेही इकडेतिकडे नाहीत. वर आमचा वॉचमन शिडीवरून चढून झाकण उघडतो तेव्हा कळतं, टँकर वीतभर रिकामा! याला साटंलोटं म्हणायचं ना?

तलावपाळी: साटंलोटं दोन घरांत. यांची मुलगी त्यांना, त्यांची यांना. तिघं असतील तर संगनमत म्हणा.