मदत हवी आहे: आरक्लोन दर आठवड्याला लॉगिन मागतो, आणि आता ड्राइव्हवरच्या फाइली उडाल्या

पानोपानी:
जुन्या मासिकांचे स्कॅन आहेत. सुमारे ४ लाख जेपीजी, मिळून ३०० जीबी. यूएसबी डिस्क उबंटूच्या मशीनला, एफस्टॅबमधून (मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) /एमएनटी/स्कॅन इथे माउंट, म्हणजे त्या फोल्डरात जोडलेली. रोज रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) तिथून गूगल ड्राइव्हवर आरक्लोन (फाइली क्लाउडवर चढवणारा प्रोग्राम) सिंक. क्लायंट आयडी (गूगलकडे आरक्लोनची ॲप म्हणून ओळख) स्वतःचा काढलाय.

१. बरोब्बर सात दिवसांनी 'इनव्हॅलिड ग्रँट' (लॉगिनची परवानगी संपल्याची एरर). पुन्हा लॉगिन केलं की आणखी सात दिवस चालतं.
२. लाइन १०० एमबीपीएस, अपलोड जेमतेम १२. ट्रान्सफर्स (एका वेळी किती फाइली चढवायच्या) ४ चे ३२ केले, फरक शून्य.
३. आज सकाळी लॉगमध्ये नुसत्या 'डिलीटेड'च्या ओळी. रन मध्येच मारला, तोवर साठेक हजार फाइली गेल्या. डिस्कवर सगळं शाबूत आहे.

तिसऱ्याचं आधी सांगा.

टर्मिनलवाला:
क्रॉनची ओळ आत्ता कॉमेंट करा, म्हणजे पुढे # लावून बंद करा. ड्राइव्हचा ट्रॅश रिकामा करू नका. आरक्लोन ड्राइव्हवरचं थेट पुसत नाही, ट्रॅशमध्ये टाकतो, आणि तिथे ३० दिवस राहतं. परत आणायला: आरक्लोन बॅकएंड अनट्रॅश ड्राइव्ह:स्कॅन. आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष काही न करता काय होईल ते दाखवणारा ऑप्शन) जोडून यादी बघा (ऑप्शनांपुढे दोन डॅश धरूनच चाला). आतल्या सगळ्या फोल्डरांतलं वर काढते, त्यामुळे पूर्वी मुद्दाम खोडलेलंही परत येईल.

एफस्टॅबमध्ये नोफेल (डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होऊ दे) आहे का? आणि काल मशीन रीस्टार्ट झालं होतं का?

पानोपानी:
नोफेल आहे. संध्याकाळी वीज गेली होती, हो.

टर्मिनलवाला:
मग हेच. डिस्क माउंट झाली नाही, पण /एमएनटी/स्कॅन हे रिकामं फोल्डर जागेवरच असतं. डिस्क काढून एलएस मारा (फोल्डरातली यादी दाखवणारी कमांड), दिसेल. सोर्स फोल्डर मुळात नसेल तर आरक्लोन एरर देऊन थांबतो; रिकामं असणं ही मात्र त्याच्या लेखी चूक नाही. सिंक म्हणजे 'तिकडचं इकडच्यासारखं कर'. इकडे काही नाही, म्हणून तिकडचंही काढायला घेतलं.

सोपा उपाय: सोर्स म्हणून माउंटची जागा न देता डिस्कच्या आतलं एखादं फोल्डर द्या, उदा. /एमएनटी/स्कॅन/मासिके. डिस्क नसेल तर तो रस्ताच सापडणार नाही आणि रन तिथेच पडेल. शिवाय कमांडच्या आधी माउंटपॉइंट -क्यू लावा, त्या जागी डिस्क खरंच जोडली आहे का ते ती तपासते.

आणि खरं सांगायचं तर तुम्हाला सिंक हवाच कशाला? स्कॅन कोणी खोडत नाही. कॉपी वापरा, ती तिकडचं काही काढत नाही. सोबत इम्युटेबल लावलं तर चढलेली फाइल इकडे बदलली तरी तिकडे तिच्यावर लिहिलं जाणार नाही, एरर येईल. सिंकच लागत असेल तर बॅकअप-डिर द्या, म्हणजे काढलेल्या फाइली तिथे हलवल्या जातील (त्याच रिमोटवर, म्हणजे त्याच ड्राइव्हवर, पण डेस्टिनेशन फोल्डरच्या बाहेर) आणि मॅक्स-डिलीट ५०. पन्नास जातील, एक्कावन्नाव्याला रन थांबेल.

रात्रपाळी:
सात दिवसांचं: गूगल क्लाउड कन्सोलमध्ये तुमचं ॲप 'टेस्टिंग'वर आहे. त्या अवस्थेत दिलेलं टोकन (लॉगिननंतर आरक्लोनकडे राहणारी परवानगीची किल्ली) सातव्या दिवशी मरतंच. 'ऑडियन्स' पानावर जाऊन 'पब्लिश ॲप' करा. स्वतःपुरतं वापरायला व्हेरिफिकेशन लागत नाही. मग आरक्लोन कॉन्फिग रीकनेक्ट ड्राइव्ह: एकदा चालवा, शेवटच्या कोलनसकट. हे राहिलं तर जुनं टोकन ठरल्या दिवशी जाणारच, आणि मग 'पब्लिश करूनही उपयोग नाही' असा नवा धागा येतो. लॉगिनच्या वेळी ॲप व्हेरिफाइड नाही असा इशारा दिसेल, 'ॲडव्हान्स्ड'मधून पुढे जा.

वेगाचं: ड्राइव्हवर सेकंदाला साधारण दोनच नव्या फाइली तयार होतात. तुमची सरासरी फाइल पाऊण एमबीची, म्हणजे सेकंदाला दीड एमबी. तेच तुमचे १२ एमबीपीएस. ट्रान्सफर्स वाढवून फक्त रांग लांबते, परत ४ करा. या हिशेबाने ४ लाख फाइलींना ५५ तास लागणार, आणि तुमचा क्रॉन दर २४ तासांनी दुसरा रन पहिल्याच्या उरावर बसवतोय! एफलॉक -एन लावा, म्हणजे आधीचा रन चालू असताना दुसरा सुरूच होणार नाही. दिवसाला ७५० जीबी अपलोडची मर्यादा आहे, पण तिच्याशी तुमचा संबंध येत नाही.

पानोपानी:
मग झिप करू?

रात्रपाळी:
जेपीजी झिपने आकसत नाही. अंकागणिक एक पीडीएफ करा, आयएमजी२पीडीएफ या प्रोग्रामने. ते जेपीजी जसंच्या तसं आत ठेवतं, दर्जा घटत नाही, आणि अंक ब्राउझरमध्ये वाचता येतो. ६४ पानांचा अंक धरला तर सव्वासहा हजार फाइली, प्रत्येकी ४८ एमबी. लाइन भरून वाहिली तर सात तासांचं काम. ड्राइव्ह-चंक-साइझ (फाइल किती मोठ्या तुकड्यांत चढवायची) ८ एमची ६४ एम करा. चार ट्रान्सफर्सना २५६ एमबी रॅम जाईल. झाल्यावर आरक्लोन चेक, सोबत वन-वे (इकडचं सगळं तिकडे आहे का एवढंच बघतं). ड्राइव्ह प्रत्येक फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठसा) साठवतो, त्यामुळे पडताळणीसाठी डाउनलोड होत नाही.

पानोपानी:
अनट्रॅशच्या ड्राय-रनमध्ये सगळे अंक दिसले. दोन जुनी चाचणी फोल्डरंही आहेत, ती नंतर हाताने काढतो. खरा रन चालू केलाय.