घरातल्या बिअरच्या बाटल्यांची नोंद कशी ठेवता? फ्रिज आणि गावचं घर मिळून चाळीसेक बाटल्या आहेत

गारखेडा_७७
नमस्कार मंडळी. मी संभाजीनगरचा, नोकरी वाळूजला. तीनेक वर्षांपासून वेगवेगळ्या बिअर जमवायलो, रोज पिणारा नाही, पण नवीन काही दिसलं की एक-दोन घेऊन ठेवतो, पुण्याला गेलो की तिथल्या क्राफ्टवाल्यांचे, म्हणजे छोट्या ब्रुअरींचे, कॅन आणतो आणि मेहुणा बेल्जियमला असतो तो येताना पाच-सहा बाटल्या आणतो. घरच्या फ्रिजमधे खालचा कप्पा माझा. बाकीचं गंगापूर तालुक्यात आमचं गावचं घर आहे जुनं माळवदाचं, त्याच्या आतल्या खोलीत क्रेटमधे.

अडचण अशी झाली की मागच्या महिन्यात पाहुणे होते म्हणून एक गव्हाची बिअर काढली, चांगली म्हणून मुद्दाम ठेवलेली, तर तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आणि चवपण तशीच. बाटली फिरवून बघितली तर मुदत संपून आठ महिने झालेले. ती मागच्या रांगेत गेली होती आणि मला आठवतच नव्हती, उलट तीच बिअर मी मधे अजून दोनदा विकत आणली होती! लई वाईट वाटलं, पैशापेक्षा जास्त ह्याचं की ज्या वेळी ती छान होती त्या वेळी ती आपल्याच घरात पडून होती.

आधी वहीत लिहायचो. नाव आणि किंमत. दोन महिने चाललं मग सुटलं. मग लॅपटॉपवर एक्सेल केलं तर बाटली उघडली की त्यात खोडायचं राहून जायचं, आता त्यात ६२ नावं आहेत आणि घरात तेवढ्या बाटल्या नाहीत. तर ज्यांच्याकडं असा साठा आहे ते नेमकं काय लिहितात, कुठं लिहितात आणि ते टिकतं कसं ते सांगा.

मेडिकल_परभणी
दादा तुमचा प्रश्न आमच्या दुकानात रोजचा आहे, फक्त बाटल्यांच्या जागी गोळ्या. वडिलांपासून आमच्याकडं एक्सपायरीची वही आहे आणि तोच नियम मी घरच्या बिअरला लावलाय.

पहिली गोष्ट, नावाची यादी करू नका, बाटलीची यादी करा. एक बाटली एक ओळ. एकाच बिअरच्या चार असल्या तर चार ओळी, चार नंबर. नंबर बाटलीवर पाहिजे, वहीत नुसता असून उपयोग नाही. स्टेशनरीच्या दुकानात ते गोल रंगीत स्टिकर मिळतात ना, किंमत लिहायचे, ते झाकणावर चिकटवायचे आणि मार्करनं नंबर टाकायचा. लेबलवर चिकटवू नका, लेबल खराब होतं आणि क्रेटमधल्या बाटलीचं लेबल दिसतपण नाही, दिसतं ते झाकणच.

रंग मुदतीप्रमाणे. माझ्याकडं लाल म्हणजे तीन महिन्यांच्या आत संपवायची, पिवळा म्हणजे ह्या वर्षात, हिरवा म्हणजे पुढच्या वर्षी किंवा नंतर. दर महिन्याच्या १ तारखेला दुकानाची वही बघतो तेव्हाच घरचीपण बघतो, पिवळ्याचा लाल करायचा असला तर वरून दुसरा स्टिकर. दहा मिनिटाचं काम आहे.

आणि एक चूक सगळे करतात, आधी आणलेली आधी काढतात. तसं नाही, आधी मुदत संपणारी आधी. काल आणलेली बाटली दुकानात पाच महिने पडलेली असू शकते. म्हणून खरेदीच्या तारखेपेक्षा बाटलीवरची तारीख महत्त्वाची.

तुमचं खोडायचं राहतं त्यावर माझा उपाय, झाकण फेकायचं नाही. उघडली की नंबरवालं झाकण एका बरणीत टाकायचं, बरणी फ्रिजवरच ठेवलीय. १ तारखेला बरणी पालथी करायची आणि तेवढे नंबर वहीत खोडायचे. पाहुणे असताना कुणाला वही आठवते सांगा. झाकण टाकायला मात्र कोणीपण टाकतं. कॅनला झाकण नसतं, त्याचा स्टिकर काढून बरणीच्या कडेला चिकटवतो.

वाळूज_क्यूसी
मी बिअरच्याच कारखान्यात आहे, क्वालिटीत, कंपनी सांगत नाही. मेडिकलवाल्या भाऊंनी लिहिलं ते अगदी बरोबर आहे, त्यात एक रकाना वाढवा, जागा. बाटली कुठं होती, फ्रिजमधे का गावी.

कारण मुदत छापलेली असते ती बरी साठवण धरून. आपल्याकडच्या साध्या लागरला, म्हणजे नेहमीच्या हलक्या पिवळ्या बिअरला, बहुतेक सहा महिने छापतात. पण बिअर जुनी होते म्हणजे तिच्यात हळूहळू रासायनिक बदल होत असतात आणि तापमान दहा अंशानं वाढलं की त्यांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. आता आपला मे महिना धरा, बाहेर ४२-४३, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. तिथं एक महिना पडलेली बाटली आणि फ्रिजमधे एक महिना असलेली बाटली, दोन्हीवर तारीख एकच पण आतून वय सारखं नाही. तुम्हाला जो ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तो जुन्या झालेल्या बिअरचा ओळखीचा वास आहे, आम्हाला ट्रेनिंगमधे मुद्दाम हुंगवतात. बाटली भरताना आत थोडा का होईना ऑक्सिजन राहतोच, आणि उष्णता मिळाली की असले वास लवकर वर येतात. अशा बिअरनं माणूस आजारी पडत नाही सहसा, पण जिच्यासाठी ती घेतली ती चव गेलेली असते.

उजेडाचंपण बघा. उन्हानं किंवा ट्यूबलाइटनं हॉप्समधला (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कडवट घटक फुटतो आणि एक उग्र वास येतो, इंग्रजीत त्याला स्कंक म्हणतात. तपकिरी काच बरंच वाचवते, हिरवी कमी, पांढरी काच जवळपास नाहीच. काही कंपन्या पांढऱ्या बाटलीसाठी हॉप्सचा प्रक्रिया केलेला अर्क वापरतात म्हणून त्या टिकतात, पण सगळ्या तशा नसतात. तर हिरव्या-पांढऱ्या बाटल्या क्रेटमधे ठेवल्या तरी वरून गोणपाट टाका. बाटल्या उभ्याच ठेवायच्या. आडव्या ठेवायची पद्धत बुचाच्या वाइनची, बिअरला आडवं ठेवलं की हवा लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि गाळ एका बाजूला चिकटतो.

आणि सगळ्याच बिअर जपायच्या नसतात. आयपीए (भरपूर हॉप्सची कडू बिअर), गव्हाची, साधी लागर ह्या ताज्याच. मायक्रोब्रुअरीतून ग्राउलर, म्हणजे ती मोठी बाटली, भरून आणला तर दोन-तीन दिवसात संपवायचा, त्याची वहीत ओळपण करू नका. ठेवायच्या त्या जड अल्कोहोलच्या, इंपीरियल स्टाउट, बार्लीवाइन, बेल्जियमच्या गडद, नाहीतर तिथलीच आंबट ग्यूझ. म्हणून प्रकाराचा रकाना नंतर नाही, बाटली घरात आली त्याच दिवशी भरायचा, प्यायची का ठेवायची ते तेव्हाच ठरवायचं.

कारखान्यात आम्ही प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या मागं ठेवतो आणि मुदत संपेपर्यंत मधे मधे उघडून चाखतो, लिहितो. घरी एवढं नको, पण बॅच नंबर लिहून ठेवत जा, एकाच बिअरच्या दोन बाटल्या वेगळ्या लागल्या तर कारण कळतं.

एक मनातलं. एक लिटर बिअरमागं कारखान्यातच तीन-चार लिटर पाणी जातं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठानं इथल्या मद्य कारखान्यांचं पाणी कापलं होतं, तो काळ मी पाहिलाय. त्यामुळं कुणी चांगली बाटली विसरून शेवटी मोरीत ओतली असं वाचलं की मला आतून लागतं.

गारखेडा_७७
दोघांचेपण मनापासून आभार. बरणीची आयडिया तर आजपासूनच. क्यूसी भाऊ, गावच्या खोलीबद्दल विचारायचं होतं, माळवद मातीचं आहे, भिंती दीड हात जाड, खिडकी नाही. मागच्या मेमधे थर्मामीटर ठेवला होता, दुपारी बाहेर ४२ असताना आत २९ होतं आणि रात्री पण तेवढंच. तिथं ठेवू का नको? आणि मोबाइलच्या अ‍ॅपचं काय, कोणी वापरायलंय का?

वाळूज_क्यूसी
२९ जास्तच आहे पण हलत नाही हे चांगलंय, वर-खाली होणारं तापमान जास्त वाईट. जड बिअर हिवाळाभर तिथं राहू द्या, मार्च लागला की फ्रिजमधे. हलक्या तिथं ठेवूच नका. पाण्यानं भिजवलेलं गोणपाट क्रेटवर टाकून दोन-तीन अंश अजून कमी होईल, पण लेबलं सुटतात, ती जपायची असली तर नको.

नांदेडची_स्मिता
दादा अ‍ॅपबद्दल मी सांगते, मी आणि माझे मिस्टर दोघंही जमवतो. अनटॅप्ड बऱ्याच जणांच्या मोबाइलमधे असतं, त्यात प्यायलेली नोंदवायला छान आहे आणि याद्याही करता येतात. सेलरएचक्यू म्हणून एक साइट खास साठ्यासाठीच आहे. पण आपली मूळ नोंद दुसऱ्याच्या साइटवर ठेवू नका असं माझं ठाम मत आहे. रेटबीअर ही बिअरला गुण द्यायची साइट किती वर्षं जुनी, लोकांनी त्यावर वीस-वीस वर्षांच्या नोंदी लिहिलेल्या, २०२५ च्या फेब्रुवारीत ती बंद झाली. म्हणून आम्ही गूगल शीट ठेवली, दोघांच्या मोबाइलवर उघडते, आणि महिन्यातून एकदा कॉपी उतरवून घेते.

रकाने आमचे एवढेच: नंबर, नाव, प्रकार, अल्कोहोल, भरल्याची तारीख, मुदत, जागा, उघडल्याची तारीख, चव. किंमत मी काढून टाकली, ती बघून चांगली बाटली उघडायला हात धजत नव्हता. मुदतीच्या तारखेतून टुडे फंक्शन वजा केलं की दिवस निघतात आणि ९० च्या खाली आले की ओळ लाल होते, रंगाचा नियम एकदाच लावायचा. ओळ कधीच खोडायची नाही, उघडल्याची तारीख टाकायची, म्हणजे ती साठ्यातून जाते पण चव राहते. तुमच्या ६२ नावांचंपण तसंच करा.

तारखेत एक फसगत आहे. अमेरिकेच्या कॅनवर महिना आधी आणि दिवस नंतर असतो, ०४/०५ म्हणजे ५ एप्रिल, आपण ४ मे वाचतो. काहींवर भरल्याची तारीख असते काहींवर मुदत, आणि कुठली ते लिहिलेलंच नसतं. म्हणून मी महिना अक्षरात लिहिते. शीटच्या सेटिंगमधे देश भारत करून घ्या नाहीतर ती स्वतःच उलटं करते.

आणि मेहुण्यांना सांगून एकदा ओरवाल ह्या बेल्जियमच्या बिअरच्या तीन बाटल्या एकाच तारखेच्या आणवा. तिच्या लेबलवर भरल्याची तारीख असते आणि मुदत त्यापुढं पाच वर्षं. बाटलीत जंगली यीस्ट काम करत राहतं म्हणून ती बदलत जाते. आम्ही एक सहा महिन्यांची असताना उघडली, एक दीड वर्षाची. पहिलीच्या ओळीत लिहिलंय "हॉप्सचा वास भरपूर, कडू", दुसरीच्या ओळीत "कडवटपणा मागं गेला, चामड्यासारखा, कोरडी". त्या दोन ओळी खाली-वर वाचताना मला जे समाधान मिळतं ते बाटल्या मांडून बघण्यात मिळत नाही. तिसरी अजून आहे, नंबर १८.

जालना_रोड
मधेच एक सांगतो, परवाना काढलाय ना? आपल्याकडं घरी ठेवायलापण परवाना लागतो आणि जवळ किती ठेवता येते त्याला मर्यादा आहे. उत्पादन शुल्कच्या ऑफिसात विचारून घ्या आणि तो आकडा शीटच्या वरच्याच ओळीत लिहून ठेवा, शेजारी चालू साठा. शीट असली की हे एका नजरेत कळतं.

गारखेडा_७७
परवाना आहे, मर्यादेचा आकडा उद्या विचारतो आणि वर लिहितो.

काल रविवारी गावी जाऊन बसलो. बायकोनं नंबर सांगायचे, मी टॉर्च मारून तारखा वाचायच्या, दोन तास गेले. बाटलीच्या मानेवरची धूळ पुसल्याशिवाय ती बारीक ठिपक्यांची छपाई दिसतच नाही, एका ठिकाणी तर ३ का ८ हे कळायला अंगठ्यानं घासून बघावं लागलं. एकूण ४१ निघाल्या. सात मुदत गेलेल्या, सगळ्या हलक्या, त्या आधी संपवतो किंवा चाखून ठरवतो. अकरा लाल. मेहुण्यानं दोन वर्षांपूर्वी आणलेली एक गडद बाटली तळाशी सापडली, मला वाटलं गेली ही, तर तिच्यावर मुदत डिसेंबर २०२८. हिरवा स्टिकर लावून फ्रिजमधे आणली.

स्मिताताई, शीट तुम्ही सांगितली तशीच केली, महिना अक्षरात. ४१ नंबरच्या बाटलीवरची तारीख पूर्ण पुसली गेलीय, तो रकाना रिकामाच ठेवलाय. ती येत्या शनिवारी उघडतो आणि चवीच्या रकान्यात जे लागेल ते लिहितो.