कुंपणालगतच्या पट्टीत यंदा तरवड लावूया का?

ए ३०२: कुंपणालगतची जास्वंद याही उन्हाळ्यात वाळली. तिसरी खेप. तिथे नुसता मुरूम आहे आणि दिवसभर ऊन. यंदा तरवड लावूया, असं मनापासून वाटतं.

बी १०४: ताई, माळरानावरचं ते पिवळ्या फुलांचं झुडूप? आजोबा सांगायचे, याची साल चामडं कमावायला वापरत. पण बागेत?

ए ३०२: हो काका, तेच. माळावर त्याला कोण पाणी घालतं? आपल्याच कोरड्या मुलखातलं झुडूप आहे. शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावत नाहीत. आणि फूल एकदा जवळून बघा. त्यात मध नसतो, नुसता पराग, तोही परागकोशात बंद, टोकाला बारीक छिद्र. भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो, तेव्हा पराग भुरभुर बाहेर पडतो. सकाळी जवळ उभं राहिलं की ती घूंघूं स्पष्ट ऐकू येते.

सी ४०१: मस्त! रोपं आणायची का?

ए ३०२: बीच लावू दादा. सोटमूळ खोल जातं, पिशवीत ते वेटोळं होतं आणि पुढे झाड जोर धरत नाही. चपट्या, कागदासारख्या शेंगा तपकिरी झाल्या की बी काढायचं. कवच टणक असतं. सँडपेपरवर एका बाजूने जरासं घासायचं, रात्रभर भिजवायचं आणि फुगलेलं तेवढंच पावसाच्या सुरुवातीला जागेवर पेरायचं.

बी २०२: माळीदादांना रोज पाणी द्यायला सांगते.

ए ३०२: नको हो वहिनी! मी कुंडीतल्या तरवडाला रोज पाणी घातलं. पानं पिवळी पडली, उपटलं तर मुळं काळी, लिबलिबीत. फार वाईट वाटलं. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून खोल पाणी द्यायचं, पुढे जवळपास नाहीच. पाणी साचू द्यायचं नाही.

बी १०४: छाटणी?

ए ३०२: बहर ओसरल्यावर हलकी. फुलं नव्या फुटव्यांच्या शेंड्याला येतात.

बी २०२: पानांवर अळ्या दिसल्या तर औषध मारायचं ना?

ए ३०२: कृपा करून नको. त्यांचीच पुढे फिकट पिवळी फुलपाखरं होतात. पानं परत फुटतात.

सी ४०१: रविवारी सकाळी वाळलेली जास्वंद मी काढतो. मुरूम तसाच ठेवायचा ना?

ए ३०२: तसाच. खत नको, माती नको.